बाराचा संदेश

१

गुरुवारी दुपारी बाराचा संदेश आला नाही, आणि साडेतीनला मोरू चोगल्यांची होडी रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी उलटली.

सागरवाट मच्छीमार संस्थेच्या सर्व्हरवरून दिवसातून चार वेळा, पहाटे पाच, सकाळी आठ, दुपारी बारा आणि चारला, प्रत्येक तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज जायचा. ऑक्टोबरच्या अखेरीस वारा कधी फिरेल सांगता येत नाही, म्हणून लोक आभाळाकडे बघायच्या आधी मोबाइलकडे बघू लागले होते. त्या दिवशी बाहेर तीन होड्या होत्या. दोन तांडेलांनी ढगांचा रंग बघून परतीची वाट धरली. मोरू थांबला, कारण संदेश पाठवण्याचं काम त्याच्या धाकट्या मुलीकडे, रुचिताकडे होतं. वारा येणार असता तर तिने कळवलं असतं, एवढाच त्याचा हिशेब. लाटेने होडी आडवी केली तेव्हा त्याचा डावा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. अलिबागच्या डॉक्टरांनी पाय वाचेल की नाही हे चार दिवसांनी सांगू म्हटलं.

संध्याकाळी संस्थेच्या चिटणिसांचा पुतण्या दिपेश याने सर्व्हरची नोंद तपासली. संदेश पाठवणारा प्रोग्राम बिघडला नव्हता. तो सर्व्हरवरून काढून टाकलेला होता. काढणाऱ्याच्या जागी नाव होतं रुचिताचं.

तिचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद झाला. रविवारी सकाळी सभा ठरली. तिला कामावरून काढायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची, असं बहुतेकांनी मनात धरलं होतं. फक्त अध्यक्ष म्हणाले की आधी कुणीतरी नीट चौकशी करावी. त्यांनी श्यामला लिमयांना निरोप धाडला.

२

श्यामलाबाईंनी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं. आता चौलच्या रस्त्यावर त्यांची सुपारीची वाडी होती आणि संस्थेच्या सल्लागार मंडळावर नाव होतं. मुलांनी कुणाचं गणित उतरवलंय हे त्या चुकांवरून ओळखायच्या. उत्तर बरोबर असेल तर कुणाचंही असू शकतं, चूक मात्र ज्याची त्याची असते, असं त्यांचं म्हणणं.

चोगल्यांच्या दोन्ही मुली त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. थोरली किशोरी संस्थेच्या कचेरीत होड्यांच्या स्वस्त डिझेलचे दाखले लिहायची. रुचिताला तिथे चिकटवली तीही तिनेच. गुरुवारपासून ती बापाजवळ रुग्णालयात होती.

शुक्रवारी सकाळी दिपेशने बाईंपुढे एक कागद ठेवला. सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो ती नोंद त्याने छापून आणली होती.

Start-Date: 2024-10-24 05:40:12
Commandline: apt-get -y remove gnuplot
Requested-By: ruchita (1001)
Remove: gnuplot, vara-sandesh

दिपेशने समजावून सांगितलं. सर्व्हरवरचा प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक पॅकेज. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की पॅकेज बसतं किंवा निघतं. ग्नूप्लॉट हे वाऱ्याचा आलेख काढणारं पॅकेज आणि वारा-संदेश हे संदेश पाठवणारं. दोन्ही गुरुवारी पहाटे पाच चाळीसला निघाली होती आणि ओळ कचेरीतल्याच कॉम्प्युटरवरून गेली होती. पहाटे कचेरीत कोण असतं, तर पाचचा संदेश बघायला येणारी रुचिता. दुसरं कुणीही नाही.

“तिला विचारलंस?” बाईंनी विचारलं.

“विचारलं. मी असं काही केलं नाही म्हणते. पण पाच चाळीसला तिथे होतीस का म्हटलं, तर हो म्हणाली.”

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बापाचा जीव ज्या संदेशावर, तो संदेश ही मुलगी स्वतः का काढेल, हे त्यांना कळेना. आणि तिने काढला नसेल, तर पहाटे त्या बंद कचेरीत दुसरं कोण शिरलं?

३

रुचिता घरीच होती. डोळे सुजलेले, केस न विंचरलेले. तिने तो कागद पाहिलाही नव्हता, दिपेशने तिला फक्त वेळ सांगितली होती.

तिने गुरुवारचा दिवस सांगितला. त्या दिवशी संस्थेत तिचा सत्कार होता. किनाऱ्यावरच्या पाच संस्थांतून तिच्या कामाची निवड झाली होती आणि मुंबईहून पाहुणे आले होते. अकराला सगळे खाली धक्क्यावर फोटोला जमले. बाराला सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर त्या दिवसाचा ताजा आलेख उमटणार होता. तो रोज बारालाच नव्याने निघायचा. बारा वाजले आणि पडदा कोरा राहिला. पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हार, भाषणं, जेवण. आलेखाचं नंतर बघू म्हणून ती पंगतीत वाढायला लागली.

“संदेश गेला की नाही ते मी बघितलंच नाही, बाई,” ती म्हणाली. “पाहुण्यांसमोर लाज गेली एवढंच डोक्यात होतं. पहाटे झोपेत माझ्याच हातून काही झालं का, हेही आता मला सांगता येत नाही.”

तिच्यावर कुणाचा राग आहे का, असं बाईंनी विचारलं. तिने बराच वेळ विचार करून केतनचं नाव घेतलं.

केतन म्हात्रे काशीदचा. संस्थेचा सर्व्हर त्याने उभा केला होता, वारा-संदेश हे पॅकेजही त्यानेच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी संस्थेने गावची मुलगी हवी म्हणून काम रुचिताकडे दिलं. तो आता काशीदच्या हॉटेलांचे कॉम्प्युटर सांभाळायचा. सत्काराच्या पत्रिकेत त्याचं नाव कुठेच नव्हतं. रुचिताच्या हे पत्रिका छापून आल्यावर लक्षात आलं, आणि तेव्हा ती काही बोलली नाही.

निघताना बाईंनी आणखी एक विचारलं. कॉम्प्युटरवर पॅकेज काढायचं तर ती कोणती ओळ लिहिते?

“apt remove,” रुचिता म्हणाली. “apt-get केतन लिहायचा. जुन्या लोकांची सवय. मी कधीच तसं लिहीत नाही.”

बाईंनी पर्समधला कागद पुन्हा उघडला. त्यावर apt-get होतं.

४

केतन काशीदला एका हॉटेलच्या मागच्या खोलीत भेटला. त्याने बाईंना खुर्ची दिली, शहाळं मागवलं, आणि कागद दाखवल्यावर तो फार वेळ वाचल्यासारखं करत राहिला. चार ओळींना इतका वेळ लागत नाही हे बाईंच्या ध्यानात आलं.

गुरुवारी संध्याकाळी संस्थेने त्यालाच फोन करून बोलावलं होतं. त्याने दोन मिनिटांत दोन्ही पॅकेजं परत बसवली होती. म्हणजे ही नोंद त्याने तेव्हाच पाहिली होती.

पहाटे पाच चाळीसला तो काशीदच्या घरी होता, आई आणि बायको साक्षीला. ओळ कचेरीतून गेलेली. apt-get लिहिण्याची सवय त्याचीच, हे त्याने नाकारलं नाही. पण त्याची एक वही कचेरीच्या कपाटात अजून आहे, तिच्यात सगळ्या कमांड तशाच लिहिल्यात, ती कुणीही वाचू शकतं, असं तो म्हणाला.

“रुचिताने तुझी जागा घेतली, याचं तुला वाईट वाटतं?”

“वाटतं,” तो म्हणाला. “मी दोन वर्षं रात्रंदिवस खपलो. हार तिला. वाईट नाही वाटणार? पण मोरूकाकांच्या जिवावर उठायला मी काय राक्षस आहे?”

त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता, पण काहीतरी राखून ठेवलेलं होतं. बाई तिथून थेट अलिबागला गेल्या.

मोरू चोगले शुद्धीवर होता. पाय लाकडी चौकटीत, चेहरा उन्हात वाळवलेल्या बोंबलासारखा सुकलेला. किशोरी त्याला चमच्याने पेज भरवत होती. बाईंना बघून ती उठली आणि भांडं धुवायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

बाईंनी मोरूला गुरुवारची सकाळ विचारली. तो सावकाश बोलत होता. भरतीला नऊ वाजता होडी काढली, त्याआधी धक्क्यावर बसून जाळं शिवलं, संदेश वाचला.

“कुठला संदेश?” बाईंनी विचारलं.

“आठचा. वारा साधारन, पानी शांत. म्हनून तं निंगालो. बाराचा न्हाय आला. मना वाटला, सांगन्यासारखा काय नसंल.”

“आठचा आला होता? नक्की?”

“व्हय. माझी पोर धाडते, मी वाचल्याबिगर पानी सोडीत न्हाय.”

पाच चाळीसला जो प्रोग्राम काढून टाकला, त्याने आठ वाजता संदेश कसा पाठवला?

५

मोरूचा मोबाइल समुद्रात गेला होता आणि दुखण्यातल्या माणसाची आठवण दगा देऊ शकते. म्हणून बाई रेवदंड्याला उतरल्या त्या सरळ मासळी वाळत घालतात त्या ओट्यांवर गेल्या. आवडाबाई जवळा पसरत होती. वारा कळावा म्हणून तिनेही संस्थेत नंबर दिला होता आणि तिच्या मोबाइलमधून आजवर एकही संदेश पुसला गेला नव्हता, कारण पुसायचा कसा हे तिला माहीत नव्हतं. बाईंनी चष्मा लावून बघितलं. गुरुवार, सकाळी आठ: वारा साधारण. त्यानंतरचा थेट संध्याकाळी सातचा, केतनने प्रोग्राम परत बसवल्यावरचा.

मोरूची आठवण खरी होती. आठचा संदेश सगळ्यांनाच आला होता, पण कागदावरच्या वेळेशी तो कुणी ताडून पाहिला नव्हता. खोटं बोलत होतं ते कागदावरचं घड्याळ.

शनिवारी सकाळी बाई पुन्हा काशीदला केतनकडे गेल्या. या वेळी त्यांनी शहाळं घेतलं नाही.

“सर्व्हरचं घड्याळ कुठल्या देशाचं लावलंयस?”

केतनने मान खाली घातली. जगभरचे सर्व्हर बहुधा एकाच प्रमाण वेळेवर चालतात आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते, असं त्याने सांगितलं. त्यानेही सर्व्हर तसाच ठेवला होता. कागदावरचे पाच चाळीस म्हणजे आपल्याकडचे अकरा वाजून दहा मिनिटं.

“आणि हे तुला गुरुवारी संध्याकाळीच कळलं होतं.”

“हो.”

“अकरा दहाला रुचिता धक्क्यावर सगळ्या गावासमोर फोटोला उभी होती. तू एक वाक्य बोलला असतास तर ती सुटली असती.”

“मला कुणी विचारलं नाही,” केतन म्हणाला. मग हळू आवाजात: “दोन दिवस तिने भोगावं असं वाटलं. सभेच्या आधी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो की नाही, मला माहीत नाही.”

आता प्रश्न बदलला होता. अकरा दहाला सगळे खाली असताना वर कचेरीत कोण होतं? केतननेच उत्तर दिलं. तो जुनी चावी परत द्यायला आला होता आणि फोटोत उभं राहायला नको म्हणून साडेअकरापर्यंत वर गॅलरीत चहा घेत बसला होता. आत खिडकीशी दाखले लिहीत होती किशोरी. रुचिताचा कॉम्प्युटर चालूच होता. ती नुकतीच काही तपासून घाईने खाली गेली होती, आणि एकदा पासवर्ड दिला की पुढची काही मिनिटं सर्व्हर तो पुन्हा मागत नाही.

“म्हणजे मी किंवा ती,” केतन म्हणाला. “माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

बाईंनी कागद टेबलावर पसरला आणि तिसऱ्यांदा वाचला. शेवटी त्यांनी विचारलं की ओळीत फक्त ग्नूप्लॉटचं नाव आहे, मग वारा-संदेश का निघालं?

केतनने सांगितलं की काही पॅकेजं दुसऱ्यांवर उभी असतात. संदेशासोबत छोटा आलेखही जावा म्हणून त्याने वारा-संदेश ग्नूप्लॉटवर उभं केलं होतं. खालचं काढलं की वरचं राहू शकत नाही, तेही निघतं. एरवी सर्व्हर आधी यादी दाखवतो, हे हे जाईल, चालेल का, असं विचारतो. पण ओळीत उणे वाय (-y) लिहिलं की तो विचारतच नाही, सगळ्याला होकार धरून चालतो. वहीत त्याने प्रत्येक ओळीत ते लिहिलं होतं, त्याच्या स्वतःच्या सोयीसाठी.

“मग तू नाहीस,” बाई म्हणाल्या. “तुला संदेश बंद करायचा असता तर तू संदेशाचंच नाव लिहिलं असतंस. आणि नुसता आलेख घालवायचा असता, तरी हे सोबत जाईल हे तुला ठाऊक होतं. ही ओळ लिहिणाऱ्याला फक्त बाराचा आलेख कोरा करायचा होता. त्याच्याबरोबर काय जाईल, हे त्याला माहीतच नव्हतं.”

त्या उठल्या आणि अलिबागची गाडी धरायला निघाल्या.

६

किशोरी रुग्णालयाच्या जिन्यात बसली होती, मांडीवर बापाचा धुतलेला टॉवेल. बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांनी कागद काढला नाही. अकरा वाजून दहा मिनिटं, एवढंच म्हणाल्या.

किशोरीने नाही म्हटलं नाही. तीन दिवस कुणीतरी विचारायची ती वाट बघत असावी.

तिने सांगितलं ते असं. आई गेल्यावर बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, रुचिताचं चालू राहिलं. रुचिताला कचेरीत आणली तिनेच. मग रोज त्याच खोलीत बसून ती दाखले लिहायची आणि लोक रुचितापुढे हात जोडायचे. दुपारी सगळे जेवायला गेले की ती कपाटातली केतनची वही काढून वाचायची. आधी नुसती नक्कल करायची, पुढे अर्थ लागायला लागला. गुरुवारी सकाळी अध्यक्ष तिला म्हणाले, किशोरी, पाहुण्यांच्या चहाचं तू बघ. खाली फोटो चालले होते. तिने खिडकीतून हार बघितला आणि खुर्ची बदलली.

“पडदा कोरा राहावा. चार माणसांत तिची मान खाली जावी. बाई, एवढंच. संदेशही बंद पडेल हे मला ठाऊक असतं तर हात तुटला असता तरी ती ओळ लिहिली नसती. त्या सर्व्हरने मला एकदा तरी विचारायचं होतं.”

बाईंनी तिच्या मांडीवरून घसरणारा टॉवेल सावरला.

“तुम्हीसुद्धा,” किशोरी म्हणाली. “सातवीपासून. किशोरी, जरा बहिणीकडे बघ. मी बघतच आले.”

ते वाक्य बाईंनी खरंच म्हटलं होतं, कितीदा ते त्यांना आठवेना. त्यांनी क्षमा मागितली. किशोरीने ती ऐकली. बापाला कळू देऊ नका, अशी विनंती तिने केली. बाई म्हणाल्या की उद्या दहाला सभेत रुचिताचं नाव घेतलं जाईल, ते थांबवायचं तर त्या स्वतः किंवा किशोरी, एवढी दोनच माणसं थांबवू शकतात, आणि आधी किशोरीने बोललेलं बरं.

रविवारी किशोरी सभेत आली. उभी राहिली, सगळं सांगितलं, कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता. मग बाईंनी आपला अहवाल वाचला. त्यात घड्याळाचा हिशेब होता, केतन दोन दिवस गप्प राहिला हे होतं, आणि शाळेत आपण एका मुलीला तिच्या बहिणीच्या मापाने मोजत आलो, हेही होतं. अध्यक्ष म्हणाले की शेवटची ओळ चौकशीत बसत नाही, ती काढावी. बाईंनी ती काढली नाही.

रुचिताचं काम तिला परत मिळालं. किशोरीचं गेलं. तिने रेवदंड्याच्या पोलिसांकडे जाऊन स्वतःच जबाब दिला. केतनने कपाटातली वही मागून नेली आणि सर्व्हरवर अशी सोय करून दिली की दोन माणसांनी होकार दिल्याशिवाय कुठलंही पॅकेज निघणार नाही. रुचिताने त्याला धन्यवाद दिले, त्यापुढे दोघे बोलले नाहीत.

मोरूचा पाय वाचला, गुडघा मात्र आता वाकणार नव्हता. किशोरीने त्याला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, पण तिच्या हातची पेज त्याने नाकारली नाही.

बुधवारी दुपारी श्यामलाबाई भेटायला गेल्या तेव्हा दोघी बहिणी वॉर्डाबाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच दोघींजवळ तिसरं कुणी नव्हतं. बाई दूरच थांबल्या.

“मला शिव्या दे,” किशोरी म्हणाली.

रुचिता समोरच्या भिंतीकडे बघत होती. “तुला सर्व्हरचं काम येतं हे मला माहीतच नव्हतं. कधीपासून?”

“दोन वर्षं होतील.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू मला शिकवायला लागली असतीस.”

आतून मोरूने पाणी मागितलं. दोघी एकदम उठल्या. मग रुचिता पुन्हा खाली बसली आणि तिने थोरलीला आत जाऊ दिलं.